दुखवट्याच्या वर्षातलं कोनफळ

दसरा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ताईनं मला सांगून टाकलं, की यंदा आपल्याकडे दिवाळी नाही. कंदील नाही, पणत्या नाहीत, कढई चढवायची नाही. लोक फराळ आणून देतील तो घ्यायचा आणि शांत बसायचं.

ताई माझी थोरली बहीण. माझी बायको जूनमध्ये गेली आणि महिन्याभरात ताई साताऱ्याहून एकटी विमानात बसून मिशिगनमधल्या नोव्हायला आली. इंग्रजी जुजबी, गुडघे दुखरे, पण आली. तिनं स्वयंपाकघर हातात घेतलं, मला वेळेवर जेवायला लावलं. बायकोच्या साड्यांना माझा हात लागत नव्हता, त्या तिनं एकेक घडी घालून कपाटात लावल्या. अशा माणसाशी वाद घालायची माझी काही इच्छा नव्हती. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "कढई नको चढवूस. मी बाहेरून आणतो."

"बाहेरून काय?"

"कोनफळाचा जॅम. आणि तांदळाच्या वड्या. दरवर्षी आणतो तिथून."

मला ताप आहे की काय, अशा नजरेनं ताईनं माझ्याकडे पाहिलं.

आता हे कोनफळाचं आधी सांगायला हवं. माझी बायको पालघरजवळच्या केळव्याची. तिकडे वाड्यांमध्ये कोनफळाचे वेल असतात. जमिनीतून काढलं की मातीचा ओबडधोबड गोळा दिसतो, आणि चिरलं की आत गर्द जांभळं. उपासाला उकडून खातात, गूळ आणि नारळाचं दूध घालून खीर करतात. मी देशावरचा, मला लग्नापर्यंत ते माहीतही नव्हतं. मिशिगनला आल्यावर थंडी पडली की तिला कोनफळ आठवायचं. इंडियन स्टोअरमध्ये फ्रोझन तुकडे मिळायचे. ते तिनं एकदा आणले, उकडले, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "पाण्यात भिजलेला खडू आहे हा." पुन्हा आणले नाहीत.

ती एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. एका डिसेंबरात तिथल्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं घरून काही आणायच्या जेवणात, फिलिपिन्सच्या एका बाईनं जांभळा जॅम आणला होता. बायको घरी आली ती कोटही न काढता माझ्यासमोर उभी राहिली. टिश्यूमध्ये गुंडाळलेला प्लास्टिकचा चमचा तिनं पर्समधून काढला आणि सरळ माझ्या तोंडात घातला.

"ओळखा."

मला काही ओळखता येईना.

"अहो, कोनफळ! हे लोक त्याला उबे म्हणतात. आणि जॅमचं नाव माहितीये काय? हलाया. उबे हलाया! आपला हलवाच की नाही?"

त्या शनिवारी आम्ही ते दुकान शोधत गेलो. आमच्यापासून पाऊण तासावर, टायरचं दुकान आणि लाँड्रोमॅट यांच्या मधे. आत शिरलं की ओल्या नारळाचा आणि केळीच्या पानाचा वास. काचेमागे ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये चिकट तांदळाची, नारळाच्या दुधात शिजवलेली तपकिरी वडी, तिला बीको म्हणतात. गोडसर पांढऱ्या इडल्यांसारखे पुतो. केळीच्या पानावर भाजलेला बिबिंका, तो पाहून बायको म्हणाली, "ही तर आपली पानगीच, फक्त लठ्ठ." आणि फ्रीजमध्ये बरण्याच बरण्या, जांभळ्या.

दुकानाची मालकीण साधारण आमच्याच वयाची. ती मला "कुया" म्हणायची, म्हणजे दादा, आणि बायकोला "आते", म्हणजे ताई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बायको मला मराठीत म्हणाली, "मी हिच्या बापाची बहीण कधी झाले?" आणि आम्ही दोघं तिथेच हसत सुटलो. तिला आमच्या हसण्याचं कारण सांगितलं तर तीही हसायला लागली.

तेव्हापासून आमच्या घरात दिवाळीला आणि ख्रिसमसला ती बरणी यायचीच. ख्रिसमसला आधी ऑर्डर द्यावी लागायची, नाहीतर बर्फात रांगेत उभं राहूनही हाती काही लागत नसे. दिवाळीच्या ताटात चकली, चिवडा, शंकरपाळे आणि मधोमध वाटीत जांभळा जॅम. महाराष्ट्र मंडळातले लोक आले की विचारायचे, हे काय, आणि बायको सांगायची, "कोनफळ. उपासालासुद्धा चालतं." एकदा गणपतीला तिनं त्याचाच नैवेद्य दाखवला. मंडळातल्या सगळ्यात जुन्या काकू होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, पण ते परक्या दुकानातलं, गणपतीला कसं चालेल?" बायको शांतपणे म्हणाली, "काकू, मोदकाचं पीठ थायलंडचं आहे, तेवढं चालतं ना?" काकू ते विसरल्या नाहीत.

तर हे असं होतं. आणि ताई म्हणत होती, यंदा नाही.

दोन-तीन दिवस आम्ही दोघं हा विषय टाळत राहिलो. मग एका संध्याकाळी त्या काकूंचा फोन आला. "अरे, तू कसली काळजी करू नकोस. आम्ही सगळ्यांनी वाटून घेतलंय. कोण चकली देणार, कोण लाडू. आणून देऊ आम्ही." मी थँक यू म्हणालो. फोन ठेवला आणि मला दिसायला लागलं ते. झाकलेले डबे घेऊन लोक येणार. सोफ्याच्या कडेवर बसणार. आवाज खाली. मुलांना गाडीतच थांबा म्हणून सांगितलेलं. दहा मिनिटांनी कोणीतरी घड्याळाकडे बघणार. जूनपासून मी हेच बघत होतो. माझ्या घरात कोणी मोठ्यानं बोललेलं मला आठवत नव्हतं.

मी ताईला म्हणालो, "ताई, मी दिवाळी करणार आहे."

"तिला जाऊन अजून पाच महिने झाले नाहीत."

"म्हणूनच करणार आहे."

"काय म्हणूनच? एक वर्ष पाळायचं असतं. आपल्या घरात सगळ्यांनी पाळलंय. मी पाळलंय."

"तुझं तू पाळलंस. मला नाही पाळायचं."

 ती भाजी चिरत होती, ती चिरत राहिली.

माझी मुलगी शिकागोत शाळेत शिकवते. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बाबा, जस्ट टेल हर की आईनं तसं सांगितलं होतं. लास्ट विश. आत्या विल बी फाइन विथ दॅट."

"पण तिनं तसं काही सांगितलं नव्हतं."

"सो व्हॉट? हू विल नो?"

"मला माहिती आहे ना."

बायकोनं खरंच तसं काही सांगितलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यांत ती बोलली ती गाडीच्या इन्शुरन्सबद्दल, फर्नेसच्या फिल्टरबद्दल, आणि तिला फार तहान लागते याबद्दल. दिवाळीचा विषयही निघाला नव्हता. लोकांना शेवटची इच्छा म्हटलं की सगळं पटतं. गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही करता येतं. मला ते पांघरूण नको होतं. दिवाळी मला हवी होती. बायको गेलेल्या, साठी ओलांडलेल्या, मोटारींच्या सीटचे सांधे डिझाइन करणाऱ्या माणसाला दिवाळी हवीशी वाटू शकते, आणि त्यासाठी त्याला कोणाची सही लागत नाही, हे मला माझ्या तोंडानं म्हणायचं होतं.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मी गाडीची किल्ली घेतली. ताईला म्हणालो, "मी दुकानात चाललोय. येतेस?"

मला वाटलं, ती नाही म्हणेल. तिनं स्वेटर घातला, बूट घातले आणि म्हणाली, "खाणार नाही मी. पण एकटा नको जाऊस."

रस्त्यावर घराघरांपुढे भोपळे मांडलेले, झाडांवर कापसाची खोटी कोळिष्टकं, एका अंगणात तर प्लास्टिकचा सांगाडा खुर्चीत बसवलेला. ताई म्हणाली, "ह्यांना मेलेल्यांचं काहीच वाटत नाही का रे?" मी म्हणालो, "वाटत असेल. दारात खुर्ची तरी देतात." ती हसली नाही.

दुकान गर्दीनं भरलं होतं. दिवाळीला इतकी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. लोक बीकोचे ट्रेच्या ट्रे उचलून नेत होते. आमचा नंबर आला तशी मालकिणीनं हसून वर पाहिलं, ताईकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं.

"कुया! आते कुठे आहे? गाडीत?"

'ती गेली' हे वाक्य मी चार महिने ऑफिसात, बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे म्हणत आलो होतो. तिथे म्हणता येईना. मी फक्त मान हलवली. तिला कळलं. तिनं हातातले प्लास्टिकचे मोजे काढले, काउंटरला वळसा घालून बाहेर आली आणि सगळ्या रांगेसमोर मला मिठी मारली. ती माझ्या खांद्याएवढीच होती. 

मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "तिच्यासाठी न्यायला आलास ना?"

मला कळलं नाही. तिनं गर्दीकडे हात केला. नोव्हेंबर लागला की आमच्यात गेलेल्यांचा दिवस असतो, ती म्हणाली. सगळे कबरस्तानात जातात. गोड घेऊन जातात, तिथेच बसून खातात, गाणी लावतात, पत्तेसुद्धा खेळतात. "गेलेल्याला उपाशी कसं ठेवायचं, कुया? आणि आपण तरी उपाशी कसं बसायचं?"

"काय म्हणते ती?" ताईनं माझी बाही ओढली.

मी मराठीत सांगितलं. ताईनं रांगेकडे नीट पाहिलं. एक म्हातारे गृहस्थ होते, छातीशी ट्रे धरून उभे. एक तरुण बाई कडेवरच्या मुलाला पुतो भरवत होती. ताईनं विचारलं, "ह्यात अंडं असतं का?" मी मालकिणीला विचारलं. तिनं बोट दाखवून सांगितलं, पिवळ्या फ्लॅनमध्ये, म्हणजे कस्टर्डमध्ये, आहे, बिबिंकात आहे, पुतोतही थोडं आहे. बीकोत नाही, उबेत नाही. ताईनं मान डोलावली.

मी बीकोचा ट्रे घेतला आणि जांभळ्या बरण्या घेतल्या, नेहमीपेक्षा जास्तच. मालकिणीनं पिशवीत वरून एक छोटी बरणी घातली आणि म्हणाली, "ही आतेची."

परत येताना हायवेवर ताई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "नैवेद्य दाखवायला हरकत नाही. पितरांना आपणही दाखवतोच. पण दिवाळी वेगळी."

"का वेगळी?"

"वेगळी म्हणजे वेगळी."

थोड्या वेळानं तिनं आपणहून सांगितलं. तिचे यजमान गेले तेव्हा ती पस्तिशीची पण नव्हती. मी तेव्हा नुकताच इकडे आलो होतो, मला तिकीट काढून जाता आलं नव्हतं. त्या वर्षीच्या दिवाळीत तिच्या घरी झाकलेली ताटं आली. दीर, जावा, शेजारी, सगळ्यांकडून. तिचा मुलगा पहिलीत होता. तो प्रत्येक ताटावरचा रुमाल उचलून बघायचा आणि विचारायचा, आपलं कुठलं?

"मला त्या ताटांचा इतका राग यायचा," ताई म्हणाली. "फेकून द्यावीत असं वाटायचं. पण घेत राहिले. थँक्यू म्हणत राहिले."

"तुला कोणी विचारलं होतं का, तुला काय हवंय ते?"

"आपल्यात विचारतात होय?"

"मग मला तरी तू विचार."

ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. तिनं विचारलं नाही. पण घरी आल्यावर बरण्या फ्रीजमध्ये तिनंच लावल्या.

दुसऱ्या दिवशी मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे या. दिवाळी आहे. कोनफळ आहे. डबे आणू नका, मुलांना आणा. पाठवून दिलं आणि फोन उलटा ठेवला. नंतर पाहिलं तर हात जोडलेले पुष्कळ, "बघतो, जमलं तर" पुष्कळ, आणि एका तरुण मुलाचं एकच वाक्य: "काका, मी येतोय, स्टूल लागेल का कंदील लावायला?" मी लिहिलं, शिडी आहे, ये.

शुक्रवारी गारठा होता, पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. मी ऑफिसातून लवकर आलो. तो मुलगा यायच्या आतच शिडी लावून कंदील टांगला. बोटं बधिर झाली. खाली उतरून पाहिलं तर कंदील जरा वाकडा होता. तसाच ठेवला. मुलगी शिकागोहून गाडी चालवत आली होती, तिनं ओसरीवर पणत्या मांडल्या. वाऱ्यानं विझत होत्या, ती पुन्हा लावत होती. ताई वरच्या खोलीत होती. दार लोटलेलं.

लोक आले. सगळे नाही, पण आले. मुलं जिन्यावरून धावायला लागली. कोणीतरी मोठ्यानं हसलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला, तेव्हा मी म्हणालो, "हसा हो." मी बीको कापला, वाट्यांमधून जॅम दिला. एक लहान मुलगी बोट घालून चाटत होती आणि तिचे ओठ जांभळे झाले होते, ती सगळ्यांना दाखवत फिरत होती.

काका-काकू सर्वांत शेवटी आले. आणू नका म्हटलेला डबा काकूंच्या हातात होताच. त्या बसल्या. मी वाटी पुढे केली. त्यांनी हात आडवा केला.

"नको. पाणी दे फक्त." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वर्ष तरी होऊ द्यायचं होतंस रे. लोकांना वाटेल, ह्याला काही वाटलंच नाही."

 माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला.

"त्याला काय वाटलं ते मी बघितलंय."

ताई होती. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती.

"चार महिने मी त्याच्या शेजारच्या खोलीत झोपते, काकू. तुम्ही नाही. मला त्याचं हे पटलेलं नाही, मी ते खाणारही नाही. पण घर त्याचं आहे आणि बायको त्याची होती. घ्यायचं असेल तर घ्या, नसेल तर राहू द्या."

काकू पाणी प्यायल्या, थोडा वेळ बसल्या आणि निघाल्या. काका दारात बूट घालताना थांबले, मला हळूच म्हणाले, "एक चमचा दे बघू." मी दिला. उभ्या उभ्या त्यांनी खाल्ला आणि मान हलवून गेले. काकूंचा फोन त्यानंतर कित्येक महिने आला नाही. त्याचं मला वाईट वाटलं असं म्हणायला हवं, पण वाटलं नाही.

लोक गेल्यावर ताई सिंकपाशी वाट्या विसळत होती. मी म्हणालो, "थँक्यू." ती म्हणाली, "काही थँक्यू नको. मला अजूनही चूकच वाटतंय." आणि तिला तसं वाटत होतंच. मी तिचं मन वळवलं नाही, तिनं माझं नाही.

रविवारी भाऊबीज होती. सकाळी मी आंघोळ करून दिवाणखान्यात आलो, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसलो.

"हे काय?" ताई म्हणाली.

"ओवाळ."

"वेडा आहेस का? दुखवट्याचं वर्ष. आणि मी अशी."

"अशी म्हणजे कशी?"

 मला माहीत होतं. तिचे यजमान गेल्यापासून सासरच्यांनी तिला कोणालाच ओवाळू दिलं नव्हतं, आणि पुढे ती माणसं गेली तरी तिचंच तिला नको वाटायला लागलं. मी अमेरिकेत, त्यामुळे प्रश्नही आला नाही. फोनवर "भाऊबीजेच्या शुभेच्छा" म्हणायचो आणि विषय संपायचा. इतक्या वर्षांत आम्ही दोघं या दिवशी एका घरात नव्हतो.

"ताई, माझी बायको गेली म्हणून मी अशुभ झालो का?"

"तुझं वेगळं."

"माझं का वेगळं? मी पुरुष म्हणून?"

मुलगी जिन्यात उभी होती. एरवी अर्धं इंग्रजी बोलणारी ती मराठीत म्हणाली, "आत्या, कर ना. प्लीज."

 ताई आत गेली. भांड्यांचा आवाज आला. स्टीलच्या ताटलीत निरांजन, कुंकू, सुपारी, अंगठी घेऊन ती बाहेर आली तेव्हा रागावलेली दिसत होती. "टोपी नाही तुझ्याकडे," ती म्हणाली. मी हुडीची टोपी डोक्यावर ओढली. तिनं कुंकू लावलं. तिचा अंगठा माझ्या कपाळावर जरा जोरातच दाबला गेला. ओवाळताना ती ओठ घट्ट मिटून माझ्याकडे न बघता माझ्या खांद्याकडे बघत होती.

ओवाळून झाल्यावर गोड भरवायचं. घरात तिनं गोड केलं नव्हतं. लोकांनी दिलेले लाडू होते, काकूंचा डबाही होता. तिनं फ्रीज उघडला, आत काय काय आहे ते पाहिलं आणि जांभळी बरणी काढली. चमचा भरून माझ्या तोंडासमोर धरला.

"आ कर," ती म्हणाली, "आणि आता रडू नकोस, कुंकू पसरेल."